मोहाखालचं वळण

मार्चअखेरीस धनराज पुण्याहून गावी आला तेव्हा एकटा नव्हता. सोबत रश्मी होती. दोघं एकाच कंपनीत कामाला. ती नागपूरची, हा ताडोबाच्या बफरमधल्या पळसबोडीचा. लग्नाचा विषय अजून कुणी काढला नव्हता. पण ‘आईला भेटायला येतेस का’ असं त्यानं विचारलं आणि ती हो म्हणाली, त्यात बरंचसं ठरल्यासारखंच होतं.

खरं तर आईपेक्षा त्याला तिला जंगल दाखवायचं होतं. पुण्यात जेवणाच्या सुट्टीत तो जंगलाच्या गोष्टी सांगायचा. बोडीवर, म्हणजे गावतळ्यावर, पाणी प्यायला आलेला वाघ, घराच्या कुडाच्या भिंतीशी पाठ खाजवत उभं राहिलेलं अस्वल, रानडुकराच्या तावडीतून झाडावर चढून वाचलेला जीव. सांगायचाही छान. ऐकणाऱ्याला वाटे, हा माणूस अजून तिथंच राहतो. प्रत्यक्षात दहावीनंतर तो नागपूरच्या होस्टेलला गेला, तिथून पुण्याला, आणि मधल्या वर्षांत जंगल त्याला एसटीच्या खिडकीतून दिसलं तेवढंच.

जंगलात राहिली ती त्याची धाकटी बहीण चंचल. गावच्या समितीनं पर्यटकांसाठी बॅटरीच्या सायकली आणल्या तेव्हा गाईड म्हणून शिकायला गावातून जी चार पोरं गेली, त्यात ही एकटी पोरगी होती. आई, आशाबाई, आधी नको म्हणाली. मग चंचल खाकी शर्ट घालून घरी आली, तेव्हा आशाबाईनं तो शर्ट स्वतः धुऊन कडक घडी घालून ठेवायला सुरुवात केली.

सायकलींच्या फेरीचे नियम चंचलच्या तोंडी बसले होते. गाईड पुढे, पाहुणे मधे, सर्वांत मागे गावातला एक जाणता माणूस. गाईडच्या पुढे कुणी जायचं नाही. आणि प्रत्येक वळणाआधी घंटी वाजवायची. जिप्सीचा आवाज जनावराला दुरून कळतो, ते आपली वाट धरतं. बॅटरीच्या सायकलीला आवाजच नाही. ती जनावराच्या अंगावरच जाऊन उभी राहते.

मागे राहणारा जाणता माणूस म्हणजे बहुतेक वेळा पत्रूकाका. हे शेजारचे. धनराजचे वडील गेले त्या वर्षी दोन्ही घरच्या धानाची रोवणी यांनीच करवून घेतली होती. त्यांना जंगलापेक्षा जास्त ओळख होती ती नाटकातली. इकडे झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, नाटकं होतात. पळसबोडीच्या मंडळात खलनायक ठरलेला, पत्रूभाऊ. भरघोस मिशा, पल्लेदार आवाज. जमीनदाराचं काम करताना ते नुसते हसले तरी पुढच्या रांगेतली लेकरं रडायला लागत. स्वभावानं मात्र गोड, बढाईखोर, आणि दिवसभर तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा.

त्या संध्याकाळी आशाबाईनं उडदाचे वडे केले होते. पत्रूकाका नवी पाहुणी आली म्हणून आले आणि अंगणातल्या खाटेवर बसून त्यांनी रश्मीला अस्वलाची गोष्ट सांगितली. घराचा कूड हलून राह्यला, बायको म्हणते भूकंप आला, मी कंदील घेऊन भायेर गेलो तं काय, हा एवढा काळा ढिगारा पाठ खाजवून राह्यला. अस्वलाचं तोंड, बायकोचा चेहरा, सगळं त्यांनी करून दाखवलं. रश्मी हसता हसता थांबली. तिनं धनराजकडे पाहिलं. हीच गोष्ट तिनं पुण्यात ऐकली होती. फक्त त्या गोष्टीत कंदील धनराजच्या हातात होता.

ताटातला वडा तिनं मोडून खाल्ला आणि काकांना पुढचं विचारलं. पण धनराजला उरलेलं जेवण गेलं नाही.

सकाळी गेटवर चंचलनं दोघांना हेल्मेट दिली आणि इतर पर्यटकांना सांगते तसेच नियम सांगायला सुरुवात केली.

“मले पण सांगशीन का?” धनराज हसून म्हणाला.

“ड्यूटीवर आहो ना, दादा,” ती म्हणाली आणि तिनं नियम पुरे सांगितले.

निघाले. पुढे चंचल, मागे धनराज, मग रश्मी, शेवटी पत्रूकाका. पानगळ झालेलं सागवान, खाली वाळक्या पानांचा थर, मधूनच पेटल्यासारखा पळस. पायडल नुसतं फिरवावं आणि सायकल आपोआप वर ओढली जावी. रश्मीला मजा वाटत होती. ती म्हणाली, “काही दिसलं नाही तरी चालेल. ही शांतता किती छान आहे.”

पण धनराजला चालणार नव्हतं. प्रत्येक वळणाआधी चंचलची घंटी वाजे, आणि वळण घेतलं की समोर रिकामा रस्ता. एकदा चितळांच्या शेपट्या दिसल्या. एकदा मोर फडफडत उडाला. बाकी नुसती धूळ. काल रात्रीपासून रश्मी त्याच्याशी नेहमीसारखंच बोलत होती, आणि त्याला तेच सहन होत नव्हतं. काहीतरी दिसायला हवं होतं. तिच्यासमोर, त्याच्यासोबत.

“चंचल, ते टिनटिन बंद कर ना,” तो पुढे होऊन म्हणाला. “पोस्टमन आल्यासारखं वाटते. सारं पळून राह्यलं.”

“नियम आहे, दादा.”

नाल्यापाशी ते पाणी प्यायला थांबले. पलीकडे रस्ता उताराला लागून डावीकडे वळत होता आणि वळणावर मोहाची मोठी झाडं होती. मोहफुलांचा गोड, आंबूस वास इथपर्यंत येत होता. धनराजनं बहिणीला बाजूला घेतलं. फार बाजूला नाही. चार हातांवर पत्रूकाका झाडाला टेकून खर्रा घोटत होते.

“एक वळण. फक्त हे एक,” तो म्हणाला. “घंटी नको वाजवू. उतार आहे, गाडी गुपचूप जाते. मोहाखाली काही ना काही असनच.”

“म्हणूनच तं वाजवाव लागते.”

“मी काय बाहेरचा आहो का? याच रस्त्यानं मोह वेचाले यायचो मी. तुह्या आधीपासून. रश्मी पहिल्यांदा आली, तिले काहीच नाई दिसलं. एवढंही नाई करत का भावासाठी?”

चंचलनं मागे पाहिलं. पत्रूकाकांनी एकदा मान वर केली आणि पुन्हा तळहाताकडे पाहिलं. तिनं वाट पाहिली, थोडा वेळ. मग ती सायकलवर बसली. वळण जवळ आलं तसा तिचा अंगठा घंटीवर गेला आणि परत मुठीवर आला.

उतार लागला. सायकली पाण्यासारख्या खाली निघाल्या. आणि वळणाच्या तोंडाशी धनराज तिच्या उजव्या बाजूनं पुढे गेला. का गेला हे नंतर त्यालाही कधी नीट सांगता आलं नाही. पहिला आपल्याला दिसावा, एवढंच डोक्यात होतं.

अस्वल रस्त्याच्या कडेलाच होतं. मोहाखाली तोंड खुपसून फुलं खात होतं, आणि त्याच्या पाठीवर पिल्लू होतं. धनराजनं ब्रेक दाबला तो चाक घसरून सायकलीसकट रस्त्यावर आडवा झाला. अस्वलानं मान वर केली. पिल्लू पाठीवरून घसरून झुडपात पळालं. मग ती मादी ओरडत सरळ त्याच्यावर आली.

तो उठला, आणि पळाला. मागे, झाडाकडे. मधल्या वाटेवर चंचल होती, रश्मी होती, हे त्याला दिसलं आणि तरी पाय थांबले नाहीत.

त्याच वेळी उतारावरून आवाज आला. मंडईतल्या तंबूत शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तो जमीनदाराचा आवाज. पत्रूकाका सायकल सोडून देऊन, दोन्ही हात पसरून, ओरडत पोरींना ओलांडून पुढे गेले. सुटी सायकल अस्वलाच्या अंगावर गेली. अस्वल क्षणभर अडखळलं, मागच्या पायांवर उभं राहिलं आणि जो समोर होता त्याला त्यानं धरलं.

फार वेळ लागला नसेल. चंचल आपल्या सायकलीला बांधलेली काठी सोडवून अस्वलाच्या पाठीवर मारत होती, काकाचं नाव घेत होती. झुडपातून पिल्लाचा आवाज आला तशी मादी सोडून वळली आणि गेली. पत्रूकाका रस्त्यावर पालथे पडले होते. रश्मीनं अंगातलं जॅकेट काढलं, त्यांना कुशीवर वळवलं आणि जॅकेट त्यांच्या चेहऱ्यावर दाबून धरलं. “गाडी बोलवा,” ती म्हणाली. “कुणीतरी गाडी बोलवा.” धनराज झाडामागून बाहेर आला तेव्हा त्याच्या शर्टावर नुसती धूळ होती.

मोह वेचणारी माणसं आवाज ऐकून धावत आली. कुणीतरी खाट आणली. गेटपासून जीप, मग चंद्रपूरचा सरकारी दवाखाना, आणि तिथून नागपूर. जीव वाचला. डावा डोळा गेला. वरचा ओठ आणि गालाचा बराच भाग गेला, जबडा जोडावा लागला. डॉक्टर म्हणाले, बोलता येईल, पण पहिल्यासारखं नाही.

नागपूरला हलवायच्या आधी वनरक्षक दवाखान्यात चौकशीला आला होता. पत्रूकाकांचं तोंड पट्ट्यांत बांधलेलं होतं, बोलणं शक्य नव्हतं. वनरक्षकानं खाली वाकून विचारलं, “भाऊ, वळणावर घंटी वाजवली होती का?”

काकांनी हात वर केला. अंगठा दोनदा हलवला, घंटी वाजवतात तसा. आणि मान डोलावली.

मग वनरक्षक व्हरांड्यात आला. धनराज बाकावर बसला होता, शेजारी रश्मी. “भाऊ हो म्हणतात. तुम्ही सांगा, वाजवली होती का?”

“हो,” धनराज म्हणाला. “वाजवली होती.”

ते इतकं सहज निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. रश्मीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “माझं लक्ष नव्हतं.” आणि उठून पाण्याच्या नळाकडे गेली.

पुण्याला जाताना गाडीत तिनं विचारलं, “तू खरं का नाही सांगितलंस?”

“काकांनीच तसं सांगितलं होतं. मी वेगळं बोललो असतो तर चंचलचं काम गेलं असतं.”

“म्हणजे चंचलसाठी.”

“हो.”

“बरं,” ती म्हणाली. वर्धा आल्यावर तिनं हळू आवाजात सांगितलं, “मीसुद्धा खोटंच बोलले. मला त्याचं वाईट वाटतंय. तुला वाटतंय का, एवढंच कळत नाही.”

आठवड्याभरानं आशाबाईचा फोन आला. गावात समितीची बैठक झाली होती. सगळ्यांना ठाऊक होतं की घंटी वाजली होती, खुद्द पत्रूभाऊंनी सांगितलं होतं. चंचलला नुसतं विचारायचं म्हणून विचारलं. आणि ती उभी राहून म्हणाली, “नाई वाजवली. चुकी माही आहे.” समितीचे अध्यक्ष लच्छूभाऊ. त्यांनी विचारलं, “कोणी म्हटलं होतं का तुले, नको वाजवू म्हणून?” ती म्हणाली, “नाई.”

“कामावरून काढलं तिले,” आशाबाई म्हणाली. “शर्ट परत देऊन आली. धनराज, तुले काही मालूम आहे का रे? पोट्टी मले काहीच सांगत नाई.”

“मी मांगं होतो, माय. मले नाई दिसलं,” तो म्हणाला.

रश्मीला त्यानं हे सांगितलं, कारण न सांगता राहवेना. ती म्हणाली, “आता तिच्या कामाचा प्रश्न राहिला नाही. आता जाऊन सांग.” तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात जातो. पुढच्या आठवड्यात कंपनीत कामाची घाई निघाली. मग पाऊस लागला. मग गणपती. तो नागपूरला काकांना पाहायला दोनदा गेला, फळं घेऊन. दोन्ही वेळा ते झोपले होते, आणि ते झोपले आहेत हे पाहून आपल्याला बरं वाटलं हे त्याच्या ध्यानात आलं. रश्मीनं पुन्हा विचारलं नाही. ती भांडली नाही, रागावलीही नाही. जेवायला ती दुसऱ्या टेबलावर बसू लागली. दसऱ्याच्या सुमारास तिनं बंगळूरची नोकरी घेतली आणि जाताना सर्वांना भेटली तशी त्यालाही भेटली.

दिवाळीला तो गावी गेला. चंचल घरी नव्हती, धान कापायला शेतावर गेली होती. आशाबाईनं पाणी दिलं आणि म्हणाली, “पत्रूभाऊकडे जाऊन ये आधी. चार वेळा विचारलं त्यानं.”

पत्रूकाका घरी नव्हते, शाळेच्या व्हरांड्यात होते. मंडईच्या नाटकाची तालीम चालली होती, दुपारची. जमीनदाराचं काम या वर्षी बिरजूला दिलं होतं. गावात ट्रॅक्टर चालवायचा, अंगानं धिप्पाड, आवाज बरा. पत्रूकाका समोर खुर्चीवर बसले होते. गळ्यातला दुपट्टा त्यांनी नाकापर्यंत ओढून मागे गाठ मारली होती. वर एकच डोळा दिसत होता. बिरजू वाक्य म्हणे, काका हातानं थांबवत, उठून उभे राहत, खांदे मागे घेऊन दोन पावलं चालून दाखवत. चाल तीच होती. वाक्य मात्र ते म्हणत नव्हते. एकदा बिरजूला कळेना तेव्हा त्यांनी म्हणून दाखवायला सुरुवात केली, आणि दुपट्ट्याआडून काहीतरी ओलं, फुटकं बाहेर आलं. व्हरांड्यातली माणसं जमिनीकडे पाहू लागली. काकांनी हात हलवला, म्हणजे राहू दे, आणि बसले.

धनराजला पाहून त्यांनी तालीम थांबवली. दोघं शाळेमागच्या चिंचेखाली जाऊन बसले. ओठ जुळत नसल्यामुळे त्यांचं बोलणं कळायला जरा वेळ लागे. ते सावकाश बोलत, आणि मधून मधून दुपट्ट्यानं तोंड टिपत.

“कवा आला?”

“आत्ताच. काका, मले काही सांगायचं आहे.” तो वाटेत पुष्कळ काही जुळवून आला होता. त्यातलं काहीच निघालं नाही. “चंचलनं आपल्या मनानं घंटी बंद नाई केली. मी म्हटलं होतं तिले. मीच पुढं पण गेलो. आणि मंग पळालो.”

“मालूम आहे मले.”

“कसं?”

“मी तिथंच होतो ना रे. खर्रा घोटून राह्यलो होतो. कान काही गेले नव्हते माहे.”

धनराज त्यांच्याकडे पाहत राहिला. “मंग तुमी खोटं काऊन सांगितलं?”

शाळेतून बिरजूचा आवाज येत होता, तेच वाक्य पुन्हा पुन्हा.

“पोरीनं माह्याकडं पाह्यलं होतं,” ते म्हणाले. “नाल्यापाशी. ते वाट पाहून राह्यली होती, काका नाई म्हणन म्हणून. मी एक शब्द बोललो असतो तं झालं असतं. नाई बोललो. म्हटलं, पोट्टा इतक्या वर्षांनी आला, पोरीले घेऊन आला, त्याची हौस होऊ दे. माह्या गाडीले पण घंटी होती, धनराज. मी तरी कुठी वाजवली?”

“तुमची काय चुकी, काका. तुमी तं वाचवलं मले.”

“ते वेगळं. ते अंगानं होऊन जाते, त्यात काय.” त्यांनी तोंड टिपलं. “मी दवाखान्यात खोटं बोललो ते तिच्यासाठी तं होतंच, माह्यासाठी पण होतं. वाटलं, वाजली म्हटलं की वाजली. सारे सुटलो. आणि ते पोट्टी जाऊन खरं सांगून आली. मले राग आला तिचा. दवाखान्यातून घरी आल्यावर दोन महिने बोललो नाई मी तिच्याशी. ते रोज भाकर आणून ठेवे, मी तोंड फिरवून घेत होतो. आता बोलतो. पण ते दोन महिने गेलेच ना.”

धनराजला रडू आलं. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, आणि रडू नको असंही म्हटलं नाही. थोड्या वेळानं ते उठले. “त्याले चालणं जमून नाई राह्यलं,” ते म्हणाले आणि तालमीकडे गेले.

धनराज तिथून थेट लच्छूभाऊंच्या घरी गेला. लच्छूभाऊ धानाच्या पोत्यांना सुतळी मारत होते. धनराजनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, न थांबता, स्वतःला कुठंही न वाचवता. लच्छूभाऊंनी ऐकून घेतलं.

“बरं केलं सांगितलं,” ते म्हणाले. “आम्हाले अंदाज होताच. पोट्टी अशी आपल्या मनानं करणारी नाई.” मग सुतळीची गाठ आवळून म्हणाले, “पण तिच्या जागी दुसरी घेतली आता. शिकून तयार झाली ते. तिले कसं काढू? आणि गाईड तं चंचलच होती त्या दिवशी. कोणीही म्हटलं तरी घंटी तिच्याच हातात होती. तवाच तू आला असता तं, हंगामापुरतं घरी बसवून परत घेतलं असतं. च्या घेतो का?”

त्यानं चहा घेतला. नाही म्हणायचं बळ नव्हतं.

शेतावर पोचला तेव्हा उन्हं कलली होती. चंचल आणि आणखी दोन बाया बांधीत ओळीनं धान कापत होत्या. तिनं त्याला पाहिलं, हातातली मूठ कापून पूर्ण केली आणि बांधावर आली. डोक्याला बांधलेला रुमाल सोडून तिनं तोंड पुसलं. ती काळवंडली होती आणि मोठी दिसत होती.

“काकाले भेटला?”

“भेटलो. लच्छूभाऊले पण सांगून आलो. सारं.”

तिनं बांधावरची पाण्याची बाटली उचलून त्याला दिली.

“तुहं काम परत द्या म्हटलं मी. ते म्हणते, जागा भरली.”

“मालूम आहे. रिना करते आता. चांगली करते.” ती बसली. “मले दिली असती तरी घेतली नसती, दादा. पुढं गाडी चालवाले जमणार नाई मले आता. मांगं कोण येऊन राह्यलं ते पाहावंसं वाटते सारखं.”

“चंचल, तू माहं नाव काऊन नाई घेतलं?”

“घ्यायचं का म्हणून, हाच विचार केला बैठकीत. मंग वाटलं, तू येशीन. तू येऊन सांगशीन आपल्या तोंडानं. मी कशाले सांगू.” ती विळ्याच्या मुठीवरची माती नखानं काढत होती. “पोळ्यापर्यंत वाट पाह्यली मी. एसटीच्या टायमाले बाहेर येऊन बसत होती. माय म्हणे, कोणाची वाट पाहून राह्यली. मंग सोडून देल्लं.”

“आता आलो ना.”

“हो. आता आला.” तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर धनराजला सोपं गेलं असतं. “ते रश्मी कशी आहे?”

“बंगळूरले गेली. बोलत नाई आता.”

“चांगली होती. काकाचं डोकं तिनंच धरून ठेवलं होतं मांडीवर, जीपमधी. मी तं नुसती रडून राह्यली होती.”

बांधीतून एका बाईनं हाक मारली, अंधाराच्या आत ही ओळ व्हायला हवी होती. चंचल उठली. धनराजनं विळा मागितला. तिनं एकदा त्याच्या पॅन्टकडे, बुटांकडे पाहिलं आणि आपला विळा त्याला देऊन दुसरा आणायला गेली. त्यानं बूट काढले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि ओळीत उभा राहिला. लहानपणी येत असलेलं हाताला आठवत नव्हतं. मूठ कधी फार मोठी होई, कधी अर्ध्यातून निसटे, कापलेलं धान वेडंवाकडं पडे. बाया पुढे निघून गेल्या. त्यानं पेंढ्या बांधल्या, त्याही सैल.

चंचल आपली ओळ संपवून परत आली. सूर्य सागवानाच्या मागे गेला होता. ती त्याच्या पेंढ्यांपाशी बसली, एकेक सोडली, दांड्या सारख्या केल्या आणि पुन्हा घट्ट बांधून बांधावर रचायला लागली.